आदी माजा बगा

"आदी माजा बगा."

असं म्हणत चाचा ड्रायव्हरच्या सीटवरून उठायचे आणि खिशातला आपला बताका काढून पोलिसाच्या हातावर ठेवायचे. पोलिसाने तो मागितलेला नसायचा. बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. कुवेतमध्ये माणूस एक वेळ चपला विसरून घराबाहेर पडेल, पण बताका विसरणार नाही. चाचा हे वाक्य पोलिसाला अरबीत सांगायचे, बसला हिंदीत आणि आपल्या मनाशी मराठीत. मी त्यांच्या मागच्याच रांगेत बसत असल्यामुळे मराठीतलं तेवढं मला ऐकू येई.

मग ते बसमधून चालत सगळ्यांचे बताके गोळा करत. सुरुवात पहिल्या सीटपासून, म्हणजे टाय लावलेल्या साहेबापासून. शेवट सगळ्यात मागच्या बाकावर, डोकं खिडकीला टेकून झोपलेल्या माणसापाशी. पत्त्यांच्या कॅटसारखा तो गठ्ठा नीट जुळवून ते पोलिसाच्या हाती देत आणि परत जागेवर बसून समोरचा रस्ता बघत राहत.

आमची ही कंपनीची बस फरवानियाहून कामगार घेऊन निघायची, सालमियाला आम्हा ऑफिसवाल्यांना उचलायची आणि समुद्राच्या कडेने शुऐबाला जायची. तिथल्या कारखान्यांच्या आवारात आमच्या कंपनीची कंत्राटं चालत. मी साइट ऑफिसात कागदपत्रं सांभाळण्याचं काम करते. बसमध्ये फिटर, वेल्डर, रिगर, इंजिनियर आणि माझ्यासारख्या दोन-तीन बायका असा सगळा संसार असे. एकाच पाइपवर तीन देशांचे तीन वेल्डर वाकलेले असत आणि प्रत्येकाचा पगार त्याच्या हाताप्रमाणे नव्हे, तर पासपोर्टाप्रमाणे ठरलेला असे. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नव्हता आणि सकाळी सगळ्यांना झोप आलेली असे.

रस्त्यात कधीमधी चेकिंग लागे. तुम्ही आखातात राहिला असाल तर ते कसं चालतं हे तुम्हीही पाहिलं असेल. पोलीस बसमध्ये चढतो, एक नजर फिरवतो आणि बोट करतो. तू, तू आणि तो मागचा. बोट कुणाकडे जाणार हे बोट निघण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. इस्त्रीच्या शर्टाला ते ओलांडून जातं, गोऱ्या चेहऱ्याला ओलांडून जातं आणि कामगाराच्या निळ्या कव्हरऑलवर किंवा काळ्या कातडीवर बरोबर थांबतं. तो पोलीस दुष्ट असतो असं नाही. घरी तो चांगला मुलगा असेल. पण बोटालाही वळण लागतं, आणि ते वळण मोडायला कुणीतरी मध्ये यावं लागतं.

आमच्या बसमध्ये चाचा मध्ये येत.

ते मूळचे मुरुडच्या अलीकडच्या एका गावचे. रंग काळा, अगदी चकचकीत काळा, केस दाट कुरळे, आणि उंची अशी की बसमध्ये चालताना मान वाकवावी लागे. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले. "आमची मानसं कदी आली ते मना म्हाईत नाय," ते म्हणत. "मी सवता तं मुरुडशी आलोय. एसटीनं." कुवेतमध्ये त्यांना सगळे आफ्रिकन समजत आणि आफ्रिकन लोक त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलायला जाऊन निराश होत.

एकदा पुण्याहून पाटणकर नावाचे नवे इंजिनियर आले. माझ्या शेजारी बसले, मी मराठी आहे कळल्यावर खुलले, आणि थोड्या वेळाने घाम पुसत मला म्हणाले, "या काळ्याला जरा एसी वाढवायला सांगता का हो? आपलं हिंदी कळत नसेल त्याला."

आरशात बघत चाचा म्हणाले, "वाढवतो, सायेब. थंडी वाजली तं सांगा."

पाटणकर त्या दिवशी शुऐबा येईपर्यंत खिडकीबाहेरचं वाळवंट बघत बसले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. उतरताना ते काहीतरी पुटपुटले, तर चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पुन्याला कुटं? माजी मावसबहीन हाय कोंडव्याला." तेवढ्यावर विषय संपला. मला मात्र राग आला होता, आणि तो राग चाचांच्या मोठेपणामुळे आणखीनच वाढला. अशा वेळी माणसाने निदान एखादी शिवी तरी द्यावी.

आता त्या पांढऱ्या कव्हरांचं सांगते. आमच्या बसमध्ये पुढच्या काही सीट्सना पांढरी शुभ्र कव्हरं होती. कंपनीनेच दिली होती. कव्हरवाल्या सीट्स ऑफिसच्या लोकांसाठी आणि मागच्या उघड्या रेक्झिनच्या कामगारांसाठी, असं कुठे लिहिलेलं नव्हतं; लिहायची गरजच नव्हती. एसीचा गार वारा पुढे लागे. मागे इंजिनाची धग. उन्हाळ्यात मागचे लोक साइटवर पोचायच्या आधीच शिजून निघत.

कव्हरं धुवायचं काम चाचांचं. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते ती धुऊन, वाळवून, शनिवारी सकाळी परत चढवत. एका शनिवारी मी बसमध्ये चढले तर कव्हरं सगळ्यात मागच्या रांगांना.

आणि पुढे जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. आमचे ॲडमिन मॅनेजर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते चढले. त्यांना गाडी चालवता येत नसे म्हणून ते आमच्याच बसने येत. पहिल्या रांगेपाशी थबकले. सीट मोकळी होती, एसी गार होता, पण कव्हर नव्हतं. त्यांनी मागे पाहिलं, पांढरं दिसलं, आणि बॅग सावरत ते थेट मागे जाऊन बसले. त्यांच्यामागून पाटणकर. त्यांच्यामागून बाकीचे इस्त्रीचे शर्ट. कव्हर जिथे तिथे मान. इंजिनाच्या धगीत ही सगळी मंडळी मानाने घाम पुसत बसली आणि फरवानियाचे फिटर पुढे गार वाऱ्यात घोरत होते.

पुढच्या शनिवारी कव्हरं मधल्या रांगांना. त्याच्या पुढच्या शनिवारी परत पुढे. साहेब मंडळी कव्हरांच्या मागे मागे बसभर फिरत राहिली. फिरता फिरता त्यांना कोण कुठला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचा गुडघा दुखतोय हे कळायला लागलं. शेजारी बसल्यावर किती वेळ खिडकीबाहेर बघणार?

शेवटी मोठ्या साहेबांनी चाचांना विचारलंच, "ये कवर हर हफ्ते इधर-उधर कैसे होता है?"

चाचा अतिशय दुःखी चेहरा करून म्हणाले, "क्या करूं साब, नजर कम हो गई है. लगाते वक्त समझता नहीं."

बसच्या ड्रायव्हरची नजर कमी झालीय हे ऐकून साहेबांचाच चेहरा उतरला. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, पण दोन-चार दिवस प्रत्येक सिग्नलला पुढे डोकावून बघत. चाचांची नजर कशी होती म्हणाल तर समुद्रावरच्या माणसाची. लांबून येणारी चेकिंगची गाडी त्यांना आमच्या सगळ्यांच्या आधी दिसायची.

एकदा मी त्यांना विचारलं, "चाचा, पोलीस तुमच्याकडे मागत नाही तेव्हाही तुम्ही आधी आपला बताका का देता?"

"ताई, बस चालवतो म्हनून आता मागत नाय," ते म्हणाले. "रस्त्यानं चालत जातो तवा मनाच मागतात. बाजूनं धा मानसं जातात, थांबिवतात मना. सगल्यांना थांबिवलं तं ते चेकिंग, ताई. एकट्याला थांबिवलं तं ती बेइज्जती." मग हसले. "म्हनून मी सगल्यांनाच थांबिवतो."

पोलिसांचं वागणं सुधारावं म्हणून जगभर मोठमोठे लेख लिहिले जातात, चर्चा होतात. आमच्या बसपुरती ती सुधारणा चाचांनी करून टाकली होती. सुरुवातीला काही पोलीस चिडत. एवढे बताके बघत बसायला त्यांना तरी कुठे वेळ होता? मग त्यांना सवय झाली. त्या रस्त्यावरचा एक तरुण पोलीस तर चढल्या चढल्या बोट न करता सरळ हात पसरून चाचांसमोर उभा राहायचा आणि गठ्ठा हातात पडला की हसायचा.

पण चाचा खऱ्या अर्थाने मला दिसले ते केबलच्या दिवशी.

साइटवरून तांब्याची केबल चोरीला गेली होती. संध्याकाळी आम्ही घरी निघालो आणि गेटवर बस अडवली गेली. साइटच्या सिक्युरिटीचा मुख्य माणूस चढला, सोबत एक पोलीस. सिक्युरिटीवाल्याने कुणाचीही चौकशी न करता मागे बोट केलं. तिथे जोसेफ बसला होता. जोसेफ कॅमेरूनचा वेल्डर, आमच्या बसमधला एकटा आफ्रिकन. केबल ज्या भागातून गेली तिथे जोसेफ त्या आठवड्यात फिरकलाही नव्हता, हे माझ्यासारखीला कागदांवरून माहीत होतं. पण बोटाला कागद कुठे वाचता येतात?

"त्याला खाली उतरवा. त्याची बॅग घ्या," सिक्युरिटीवाला म्हणाला.

जोसेफ उठला. उंचापुरा माणूस, पण उठताना इतका लहान झाला की मला बघवेना. त्याला घरून येऊन वर्षही झालं नव्हतं. चोरीचा नुसता आळ जरी आला तरी त्याला परत पाठवलं असतं, आणि इथे यायला त्याच्या घरच्यांनी जमीन विकली होती हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बस गप्प होती. मीही गप्प होते. इंजिनाचा आवाज तेवढा चालू होता.

मग तोही बंद झाला. चाचांनी चावी काढून खिशात टाकली होती.

ते उठले, आपली जेवणाची पिशवी उचलली, आणि ती पोलिसासमोर डॅशबोर्डवर ठेवून आतल्या डब्याचं झाकण उघडलं. "आदी माजा बगा," ते म्हणाले. मग अरबीत बरंच काही बोलले. माझं अरबी भाजीबाजारापुरतं, पण 'सगळे' हा शब्द मला परत परत ऐकू आला. सगळ्यांच्या बॅगा. पुढून मागे. सगळ्यांच्या.

सिक्युरिटीवाला ओरडला. चाचांचा आवाज चढला नाही. पोलीस वयाने मोठा होता, दमलेला दिसत होता. त्याने एकदा चाचांकडे पाहिलं, एकदा जोसेफकडे पाहिलं. दोघांचा रंग एकच होता. मग त्याने मोठा सुस्कारा टाकला आणि चाचांच्या डब्यात डोकावलं.

डब्यात बांगड्याचं कालवण होतं, आणि पिशवीत डब्याखाली कंपनीच्या पॅन्ट्रीतल्या टिशूचा जाडजूड गठ्ठा.

पुढची बॅग मोठ्या साहेबांची. ते "मैं मैनेजर हूँ" असं म्हणेपर्यंत पोलिसाने चेन उघडलीही होती. आतून पॅन्ट्रीतल्या चहाच्या पुड्या आणि साखरेची पाकिटं निघाली, थोडीथोडकी नव्हेत, घरी पाहुणे आले तरी महिनाभर पुरतील एवढी. मागून कुणीतरी खुसकन हसलं. पाटणकरांच्या बॅगेत मार्कर पेनं आणि कंपनीचं सेलोटेप. माझ्या पर्समध्ये मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेले ऑफिसचे कोरे कागद. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण कागद संपले हे ती मराठीत सांगते. पोलिसाने कागद हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि तसेच परत ठेवले. फिटरांच्या पिशव्यांतून स्क्रू निघाले, स्पंजचे तुकडे निघाले, एकाकडे तर साइटवरच्या स्वच्छतागृहातला साबण निघाला. आता अख्खी बस हसत होती. तो दमलेला पोलीसही तोंडावर हात धरून हसत होता.

सगळ्यात शेवटी जोसेफची बॅग. बदललेले कपडे, एक कांदा, आणि कंपनीच्या हातमोज्यांचा कोरा जोड.

हसू एकदम थांबलं. कारण तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं. फक्त जोसेफची बॅग उघडली असती, तर तेवढे हातमोजे पुरेसे होते. कंपनीचा माल, चोर सापडला, विषय संपला. आता ते हातमोजे साहेबांच्या साखरेच्या, माझ्या कागदांच्या आणि चाचांच्या टिशूंच्या ओळीत बसले होते. जोसेफला उतरवायचं तर आम्हा सगळ्यांना उतरवावं लागलं असतं.

पोलिसाने हातमोजे परत बॅगेत टाकले, चेन लावली, जोसेफच्या पाठीवर थाप मारली आणि "यल्ला", म्हणजे चला, म्हणून खाली उतरला. चाचांनी चावी फिरवली.

सालमियाला उतरताना मी विचारलं, "चाचा, जोसेफच्या बॅगेत काय असेल ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"मना काय म्हाईत! मना फक्त माजं टिशू म्हाईत होतं," ते म्हणाले. मग माझ्या पर्सकडे हनुवटी करून, "पोरीला कागद पुरं झालं काय?"

केबल कुठे गेली ते कळलं नाही. मोठ्या साहेबांची साखर मात्र साइटभर गाजली. कुणी त्यांच्यासमोर चहा घेताना "साखर आहे ना, की संपली?" एवढंच विचारी, आणि साहेब चहा अर्धा टाकून उठत. आम्हाला मजा वाटत होती. त्या मजेची किंमत कुणाकडून वसूल होणार आहे हे आमच्या लक्षात आलं नाही.

चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. तो वाढवायचा की नाही हे ॲडमिनच्या हातात. ॲडमिनने कळवलं, वाढवता येणार नाही. कारण, ड्रायव्हरची नजर कमी झाली आहे आणि तसं त्याने स्वतः कबूल केलं आहे.

मी संतापले. फरवानियाला त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा ते बॅग भरत होते. मी म्हटलं, "डोळे तपासून घ्या. सर्टिफिकेट आणा. मी स्वतः साहेबांच्या टेबलावर आपटते."

"डोले तपासले तं डोले बरं निघतील, ताई," ते म्हणाले. "मग त्यांना माजं दुसरं कायतरी शोधाया लागंल. कशाला त्यांना तरास?" आणि मग त्यांना इतकं हसू आलं की ते खाटेवर बसले. "पन जोक बरा होता ना? माजाच जोक माज्या अंगावर आला."

मला हसू आलं नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्या माणसाने आयुष्यभर या रस्त्यांवर बस चालवली होती आणि त्याच्या बसमध्ये एकाही माणसाची मान खाली गेली नव्हती. हे काम कुठल्या पगारात बसतं? चाचांनी मला कोरा टिशू दिला. तो कंपनीचाच होता.

"जोसेफ कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि बॅगेची चेन लावायला माझी मदत मागितली.

नवा ड्रायव्हर केरळचा. अबोल, काळजीपूर्वक गाडी चालवणारा. जायच्या आधी चाचांनी त्याला शेजारी बसवून रस्ता, स्टॉप, कुणाला हाक मारून उठवावं लागतं, सगळं शिकवलं. मी हळूच विचारलं, "कव्हरांचं सांगितलंत का त्याला?" तर ते म्हणाले, "नाय. त्याला दोन पोरी हायत. त्याची नोकरी टिकूदे."

चाचा गेल्यावर कव्हरं पुढे गेली आणि पुढेच राहिली. मोठे साहेब पहिल्या रांगेत बसू लागले. मागचे पुन्हा मागे. काहीच बदललं नव्हतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटे की मी सकाळी कुणाशी बोलत नसे.

मग एका सकाळी चेकिंग लागलं. चढलेला पोलीस नवा होता, त्याला आमची बस माहीत नव्हती. त्याने नजर फिरवली आणि बोट उचललं. ते कुठे जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मागे जोसेफ खिशात हात घालून उठायलाही लागला होता.

मी उठले. पर्समधून बताका काढला आणि "आधी माझा," असं मराठीतच म्हणाले, कारण दुसरी कुठली भाषा त्या क्षणी सुचली नाही. पोलीस म्हणाला, मॅडम, तुम्ही बसा. मी बसले नाही. पाटणकरांपुढे हात केला. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी बताका काढून दिला. मोठ्या साहेबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, तर मी तशीच उभी राहिले, शेवटी वर्तमानपत्राच्या कडेवरून एक कार्ड बाहेर आलं. जोसेफपर्यंत पोचेस्तोवर गठ्ठा चांगला जाड झाला होता.

तो घेऊन मी परत पुढे आले आणि पोलिसाला देणार, तेवढ्यात त्या अबोल ड्रायव्हरने आरशातून नजर काढून हात आडवा केला. वरच्या खिशातून त्याने आपला बताका काढला आणि माझ्या बताक्याच्या वर नीट जुळवून ठेवला.

"मैडम," तो म्हणाला, "इस बस में पहले ड्राइवर का होता है."